खर्ज कोणीं धरावा?

गाणें ऐकून घरीं परतणारा श्रोता गायकाची तान आठवतो, पदांतले शब्द आठवतो, फार झालें तर ढोलकीची एखादी जागा आठवतो. परंतु त्या साऱ्या गाण्याला ज्यानें खालून उचलून धरलें होतें, त्या खर्जाची त्याला क्वचितच आठवण होते. घराचा पाया जसा घर खचूं लागेपर्यंत कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं, तसेंच हें आहे. 'खर्ज' हें 'षड्ज' या शब्दाचेंच लोकांच्या तोंडीं झालेलें रूप. पण व्यवहारांत त्याचा अर्थ तळाचा, भरदार, खोल आवाज असा झाला आहे. लहानशा बैठकींत हा खर्ज कोणीं धरावा, कोणत्या साधनानें धरावा आणि किती धरावा, हे तीन प्रश्न आपल्या इकडे फार जुने आहेत. आज तालुक्याच्या गांवीं ऑर्केस्ट्रांत बेस गिटार घेऊन उभा राहणारा तरुण हेच प्रश्न दुकानदाराला विचारीत असतो. फक्त त्याला ते नवे वाटतात. परभणी जिल्ह्याच्या आधारानें या प्रश्नांचा इतिहास पाहावा, असा आमचा विचार आहे.

परभणी हा गोदाकांठचा मुलूख. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. पुढें १९५६ सालीं मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १९९९ सालीं त्यांतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. गंगाखेड हें संत जनाबाईचें गांव. शेगांवच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपुरास जातांना परभणी व गंगाखेड येथूनच पुढें सरकते. खुद्द परभणींत हजरत तुराबुल हक यांचा दर्गा असून त्यांचा उरूस दरवर्षीं फेब्रुवारींत भरतो. त्यामुळें येथल्या माणसाच्या एका कानावर मृदंग, तर दुसऱ्या कानावर कव्वालीची ढोलक पडत आलेली आहे. वाड्याचा चौक, देवळाचा सभामंडप, लग्नाचा मांडव, पारापुढची मोकळी जागा, हींच त्या गाण्याचीं स्थळें. श्रोते पन्नास असोत कीं तीनशें असोत, त्यांच्यापर्यंत शब्द पोंचला पाहिजे, ही या बैठकीची पहिली अट.

प्रथम गोंधळ पाहूं. परभणीचे गोंधळमहर्षि राजारामबापू कदम यांच्यामुळें या जिल्ह्याच्या गोंधळाचें नांव महाराष्ट्रभर झालें. गोंधळ्यांचा मेळ चारसहा माणसांचा. त्यांत कथा सांगणारा नायक, संबळ वाजविणारा, तुणतुणें धरणारा व दिवटीवाला. तुणतुण्याची एकच तार वरचा स्वर अखंड जागता ठेवते; तळ सांभाळावयाचा तो संबळानें. संबळ म्हणजे कमरेला बांधलेलीं दोन भांडीं, एक लहान व एक मोठें. लहानावर काडी तडतडते. मोठ्यावर ती टोंकाशीं वांकविलेली काडी घांसून असा कांहीं घुमारा काढतात कीं ऐकणाऱ्याच्या छातींत तो हालतो. हें साधन एका माणसाला कमरेला बांधून रात्रभर उभ्यानें वाजवितां येतें, त्याला बैलगाडी लागत नाहीं, आणि नायक कथा बोलूं लागला कीं तेंच साधन क्षणांत मुकें होऊं शकतें. खर्जाच्या साधनाकडून याहून अधिक काय मागावें?

वारकऱ्यांचा मृदंग हें याच प्रश्नाचें दुसरें उत्तर होय. मृदंगाच्या उजव्या तोंडावर कायमची शाई असते. डाव्या तोंडावर मात्र वाजविण्यापूर्वीं ओली कणीक थापतात व कार्य झाल्यावर ती खरवडून काढतात. कातड्यावर भार वाढला कीं त्याचें कंपन मंदावतें व स्वर खालीं उतरतो, हा त्यांतला सिद्धान्त. मृदंगी कणकेचा गोळा चिमटीचिमटीनें कमीजास्त करितो, थाप मारून कान देतो, पुन्हां चिमूट लावितो. पावसाळी हवेंत कातडें ढिलें पडतें, वैशाखांत तें ताणतें. म्हणून कालच्या मापानें आज चालत नाहीं. खर्ज घरून बांधून आणावयाचा नसतो, तो ज्या जागीं वाजवावयाचा त्या जागींच जमवावयाचा असतो, ही शिकवण या कणकेंत आहे.

बैठकीच्या गाण्यांत हाच भार तंबोऱ्याच्या चौथ्या तारेनें उचलला. मिरजेस एकोणिसाव्या शतकांत फरीदसाहेबांनीं जो तंबोरे घडविण्याचा उद्योग रुजविला, त्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. पण तंबोरा पडला नाजूक. भोंपळा एकदां तडकला कीं सारें संपलें. खेड्यांतल्या भजनी मंडळाला तो कसा परवडावा? तेथें पेटी आली. पेटी घेतांना जाणता माणूस 'खर्ज-नर' सुरांची पेटी मागतो, म्हणजे एकाच पट्टीखालीं खालच्या सप्तकाचा एक व मधल्या सप्तकाचा एक असे दोन सूर बोलतात. तबल्याच्या जोडींतील डग्ग्याचेंहि असेंच. पातळ पत्र्याचा डग्गा हलका म्हणून सोयीचा, परंतु जड तांब्या-पितळेच्या डग्ग्याचा घुमारा त्याला येत नाहीं. सारांश, वजन कीं भरदारपणा, हा पेंच बेस गिटारवाल्याच्या कित्येक पिढ्या आधीं भजनी मंडळांनीं सोडविलेला आहे.

या सर्व उत्तरांतून तीन नियम निघतात. साधन वाहून नेतां आलें पाहिजे. जागेप्रमाणें जमवितां आलें पाहिजे. आणि त्यानें शब्द झांकतां कामा नये. पुढें जी वीज आली तिनें या तिन्ही नियमांची परीक्षा पाहिली.

विजेनें पहिल्यानें केलें तें नेमकें उलट. गांवोगांव जे कर्णे झाडावर व शिखरावर चढले, त्यांनीं माणसाचा आवाज शिवारापलीकडे नेला खरा; पण कर्ण्याच्या अरुंद गळ्यांतून खोल स्वर बाहेर पडूंच शकत नाहीं. कीर्तनकाराचा शब्द वेशीपर्यंत ऐकूं येई, आणि मृदंगाची कणीक लावलेली बाजू मात्र लांकडावर टिचकी मारावी तशी वाजे. म्हणजे मंडपांत बसलेल्याला पूर्ण गाणें, आणि बाहेरच्याला बिनपायाचें.

याच सुमारास दूर अमेरिकेंत वादकांपुढें हीच अडचण निराळ्या रूपानें उभी होती. तेथें नाचाच्या मेळांत खर्ज धरी तें माणसाहून उंच असें डबल बेस वाद्य. तें मोटारींत मावेना आणि शिंगांच्या गर्दींत ऐकूं येईना. सिअ‍ॅटल येथील पॉल टुटमार्क यानें १९३० नंतरच्या दशकांत विजेवर चालणारी आडवी बेस गिटार करून पाहिली; परंतु व्यवहारांत रुजली ती लिओ फेंडर याची १९५१ सालची 'प्रिसिजन बेस'. डबल बेसच्याच चार तारा, त्याच स्वरांत मिळविलेल्या. पण तारेची लांबी ३४ इंच, अंग भरीव लांकडाचें, आणि गळ्यावर पडदे, म्हणून स्वर अचूक. 'प्रिसिजन' हें नांव त्या अचूकपणावरूनच पडलें. भरीव लांकूड स्वतः घुमत नाहीं; त्याचा सारा घुमारा अँप्लिफायरमधून यावयाचा. म्हणून पुढल्याच वर्षीं फेंडरला 'बेसमन' हा अँप्लिफायर काढावा लागला. वाद्य व त्याचा आवाज हे दोन वेगळ्या पेट्यांत गेले.

आपल्याकडे हें वाद्य आलें तें मुंबईच्या चित्रपटसंगीतांतून. तेथील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. राहुलदेव बर्मन यांच्या मेळांत टोनी वाझ यांनीं वाजविलेली बेस गिटार कोट्यवधि लोकांनीं, तिचें नांवहि न जाणतां, ऐकली आहे. तींच गाणीं गणेशोत्सवांत, आंबेडकर जयंतींत आणि लग्नांच्या मांडवांत वाजूं लागलीं, तेव्हां खर्जाचा प्रश्न मराठवाड्यांतल्या लहान मेळांपुढेंहि आला. पुष्कळांनीं तो काटकसरीनें सोडविला. कीबोर्ड वाजविणाऱ्याचा डावा हातच बेस धरतो. माणूस एक कमी, बिदागी एक कमी. यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. मात्र ज्या मेळाला चौथा-पांचवा गडी परवडतो, त्यानें बेस गिटार अवश्य ठेवावी. बोट तारेवरून सरकतांना स्वराला जो जिवंतपणा येतो, तो डग्ग्यावरून तळहात सरकविण्याच्या जातीचा आहे, व आपला कान त्याला पूर्वींपासून सरावलेला आहे.

आतां साधन कसें निवडावें? आधीं निसर्गाचा एक नियम ध्यानांत घ्यावा. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारें ४१ कंपनें करिते. त्या स्वराची हवेंतील लाट आठ मीटरांहून लांब असते. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविल्याप्रमाणें माणसाचा कान खोल स्वरांना मंद आहे. म्हणून गायकाइतकाच ऐकूं येण्यास खर्जाला कितीतरी अधिक शक्ति लागते. शिवाय शक्ति दुप्पट केली तरी आवाज किंचित्‌च वाढतो. तो दुप्पट वाटावयास सुमारें दसपट शक्ति हवी. यास्तव जाहिरातींतल्या वॅटच्या आंकड्यांना भुलूं नये. ढोलकी-तबल्याच्या लहान मेळाला शंभर वॅटांचा चांगला अँप्लिफायर पुरतो. पाश्चात्य ड्रमांचा संच असेल तर दोनशें-तीनशें वॅट ठेवावे. बारा इंची एक अथवा दहा इंची दोन स्पीकर असलेली, एका माणसाला उचलतां येईल अशी पेटी घ्यावी. कारण रात्रीं दोन वाजतां एस्. टी. स्टँडवर ती आपल्यालाच उचलावयाची असते. श्रोते अधिक असल्यास ती पेटी केवळ मेळापुरती ठेवून वाद्याची वायर डी. आय. बॉक्समधून मंडपाच्या मोठ्या ध्वनियंत्रणेस द्यावी.

दुसरी गोष्ट जागेची. पेटी दगडी सभामंडपाच्या कोपऱ्यांत ठेवली तर दोन्ही भिंती व जमीन मिळून खर्ज फुगवितात आणि एखादाच स्वर हंड्यासारखा घुमूं लागतो. अशा वेळीं पेटी भिंतीपासून दूर, खुर्चीवर उंच ठेवावी व खालच्या स्वरांची कळ उतरवावी. उलट मोकळ्या पटांगणांत खर्ज वाऱ्यावर विरून जातो; तेथें थोडा वाढवावा. एकानें वाजवावें व दुसऱ्यानें शेवटच्या रांगेंत जाऊन ऐकावें. मृदंग्याची कणकेची चिमूट ती हीच.

तिसरी गोष्ट जिवाची. मांडवांतली वीज बहुधा आंकडा टाकून वा जनित्रावरून घेतलेली असते. वायरिंगला अर्थिंग नाहीं म्हणून पुष्कळ जण प्लगची तिसरी पिन मोडून टाकतात. तसें कदापि करूं नये. वादकाचे हात धातूच्या तारांवर व ओठ धातूच्या मायक्रोफोनला, अशा स्थितींत ती पिन हाच त्याचा रक्षणकर्ता असतो.

एवढें करूनहि मुख्य प्रश्न उरतोच: किती? मागें एका लग्नाच्या मांडवांत आम्ही असतांना एक वृद्ध गोंधळी जागरणाला उभे राहिले. शेजारच्या गल्लींत वरातीसाठीं स्पीकरांची भिंत लागली होती. तिच्यांतून शब्द कांहींच येत नव्हता, येत होता तो केवळ धक्का. मांडवाचे पत्रे वाजत होते. संबळवाल्यानें दोनदां घुमारा काढला, दोनदां तो विरला. शेवटीं नायकानें हात जोडून कथा आवरती घेतली. कर्ण्यानें खर्ज गिळला होता. आतां खर्जानें कथा गिळली.

कायदा आहे, असें कोणी म्हणेल. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपकांस बंदी. सणासुदीला वर्षांतून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे. परंतु ही मर्यादा ज्या 'ए' मापानें मोजतात, तें माप मंद आवाजांना कान कसा ऐकतो त्यावरून बेतलेलें आहे. तें ५० कंपनांच्या स्वराला सुमारें ३० डेसिबल कमी लेखतें. म्हणजे जो आवाज भिंतींतून, पत्र्यांतून आणि म्हाताऱ्यांच्या छातींतून शिरतो, तोच यंत्राच्या कांट्याला सर्वांत कमी दिसतो. कायद्यानें जें पुरतें मोजलें नाहीं, तें वादकाच्या विवेकानेंच मोजलें पाहिजे.

म्हणून बेस गिटार हातीं घेणाऱ्या तरुणास आमचें सांगणें एवढेंच कीं, त्याचें वाद्य परकें नाहीं व त्याचें काम नवें नाहीं. संबळवाला, मृदंगी, पेटीवाला यांच्या रांगेंत तो येऊन उभा राहिला आहे. त्या रांगेचा रिवाज असा कीं गायकानें तोंड उघडलें कीं आपण हात आंवरावा. चांगला खर्ज वाजत असतां कोणाला दिसत नाहीं. तो थांबला कीं मात्र गाणें एकदम पोरकें वाटतें. त्या क्षणीं श्रोत्यांनीं मान वर करून त्याच्याकडे पाहिलें, तर तेवढी दाद त्याला पुरेशी आहे.