म्हाताऱ्या जनावरांची रात्रपाळी

साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. खंड्या त्याचं नाव. शिकारीत त्याने वाघापासून धन्याचा जीव वाचवला, महाराजांनी त्याचा दरबारी सन्मान केला, पालखीचा मान दिला, ही गोष्ट सातारकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. माझी आजीही सांगायची. गोष्टीत वाघ आहे, पालखी आहे, शेवटी समाधी आहे. मधली काही वर्षं मात्र गाळलेली आहेत. खंड्याचे पाय थकले, नजर गेली, तो रात्री-बेरात्री विव्हळू लागला, तेव्हा त्याच्यापाशी कोण बसलं, हे कोणी सांगत नाही.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण हा प्रश्न मला निवृत्तीनंतर पडला. तो पाडला चंपीने. चंपी आमची गावठी कुत्री. पंधरा वर्षं उलटल्यावर तिने दिवस आणि रात्र यांची अदलाबदल केली. दिवसभर पलंगाखाली घोरते आणि रात्री दोनच्या सुमाराला उठून चालायला लागते. आमच्या गिरगावातल्या खोलीत जुन्या लाद्या आहेत. त्यांवर नखांची टिकटिक सुरू झाली की मी जागी होते. चालता चालता ती कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरते आणि तिथेच अडकते. मागे सरायचं असतं हे ती विसरली आहे. भिंतीला डोकं टेकवून उभी राहते आणि हुं-हुं करते. मग मी जुनी सुती ओढणी तिच्या पोटाखालून घालते, दोन्ही टोकं वर धरून मागचा भाग उचलते, तिला फिरवून बाहेर काढते. कधी कागद बदलायचे असतात, कधी पाणी पाजायचं. पहाटे दूधवाल्याच्या सायकलची घंटा वाजते त्या सुमाराला ती झोपते. माझी झोप तेव्हा उडालेली असते.

डॉक्टरांनी समजावलं की माणसाच्या स्मृतिभ्रंशासारखाच हा कुत्र्यांचा आजार. मेंदूत नको ती प्रथिनं साठतात, झोपेचं चक्र उलटं होतं. संध्याकाळी उजेडात फिरवा, रात्री मंद दिवा ठेवा, फर्निचर हलवू नका. खालच्या मजल्यावरचे नाना एक दिवस जिन्यात म्हणाले, "बाई, कुत्र्यासाठी एवढं कोणी करतं का हो? ही सगळी हल्लीची फॅडं." नाना मनाने वाईट नाहीत, त्यांचीही झोप मोडत होती. पण "हल्लीची" या शब्दावर मी अडले. रात्री जागीच असते, तर वाचावं म्हटलं.

सगळ्यात जुना धागा कौटिल्यापाशी सापडला. लढाईने, रोगाने किंवा म्हातारपणाने निकामी झालेल्या घोड्यांना पोटापुरता शिधा चालू ठेवावा, असं अर्थशास्त्रातल्या अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात सांगितलं आहे. हत्तींच्या प्रकरणात तर नोकरांची यादीच आहे: वैद्य, माहूत, शिजवणारा, चारा आणणारा, निवाऱ्याचा राखणदार आणि रात्री हत्तीपाशी निजणारा माणूस. म्हणजे जनावरापाशी रात्र काढणं ही दरबारी नोकरी होती. अर्थात हे लाड राजाच्या जनावरांचे. ज्याने चाकरी केली त्याला निवृत्तिवेतन, एवढाच त्यातला हिशेब.

ज्या जनावराने कोणाची काहीच चाकरी केली नाही, त्याच्यासाठी जागायचं कोणी? या प्रश्नाचं उत्तर आपल्या उत्तरेला, गुजरातेत मिळतं. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ साली खंबायतला आला होता. तिथल्या पाखरांच्या दवाखान्यात त्याला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा दिसला. आई-बापावेगळी उंदराची पिल्लं त्याने पेटीत कापसावर ठेवली होती आणि नाकावर चष्मा लावून पिसाच्या टोकाने तो त्यांना दूध पाजत होता. चंपीला मी सुईविना सिरिंजने औषध पाजते तेव्हा हा चष्मेवाला आजोबा हटकून आठवतो. अशी पिल्लं थोड्या-थोड्या वेळाने पाजावी लागतात. त्या आजोबांच्या रात्री कशा गेल्या असतील, ते सांगायला प्रवासी लागत नाही.

सुरतेच्या जनावरांच्या दवाखान्याबद्दल कंपनी सरकारचा नोकर जेम्स फोर्ब्स याने १८१३ साली छापलेल्या आठवणींत बरंच लिहिलं आहे. उंच भिंतींचं आवार, आत वेगवेगळे कप्पे. मालक कोणत्याही जातिधर्माचा असो, जनावर नाकारायचं नाही. बरं झालेलं जनावर मालकाला परत मिळायचं नाही. ते तिथेच राहून, ज्यांना पाण्यापर्यंत जाववत नाही अशा म्हाताऱ्या सोबत्यांसाठी पाणी ओढायचं. फोर्ब्स गेला तेव्हा तिथे पंच्याहत्तर वर्षं मुक्काम केलेलं एक कासव होतं. पण खरी नवलाई पुढेच आहे. ढेकूण, पिसवा यांचाही तिथे एक कप्पा होता आणि त्यांचं पोट भरावं म्हणून व्यवस्थापक रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना पैसे देऊन रात्रभर तिथे निजवत. कितीही चावले तरी हाकलायचं नाही, ही अट. फोर्ब्सच्या शंभरेक वर्षं आधी, १६८९ मध्ये सुरतेला आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्यानेही हेच लिहून ठेवलंय. वर तो सांगतो की चाव्यांनी हैराण होऊन माणूस पहाटेआधीच पळू नये म्हणून त्याला खाटेला बांधत!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. मग विचार केला. पुण्य शेटजींचं, पैसा शेटजींचा आणि झोप मात्र भिकाऱ्याची. जनावरांवरच्या दयेच्या इतिहासात दात्यांची नावं संगमरवरावर कोरलेली असतात. रात्री जागणाऱ्यांची नावं कुठेच नसतात.

हाच धागा पुढे आमच्या मुंबईत येतो, आणि तो दंग्यातून येतो. भटकी कुत्री मारायची आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे घ्यायचे, अशी सरकारी सोय होती. आठ आण्यांच्या लोभाने शिपाई घरच्या, दारच्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. मृतदेहावरसुद्धा कुत्र्याची नजर पडावी लागते. ६ जून १८३२ रोजी, नेमक्या पारशांच्या पवित्र दिवशी, कोटात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, बाजार बंद, साहेब लोकांच्या घरचा पाव-रतीब बंद. पारशांच्या जोडीला हिंदू-जैन व्यापारीही उतरले. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. धरपकड झाली, शिक्षा झाल्या, पण कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचा मार्ग त्यानंतर पुढे आला. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला जनावरांच्या आसऱ्याचा पांजरपोळ उभा राहिला.

हा पांजरपोळ माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भुलेश्वरच्या गर्दीत, भांडी आणि इमिटेशन दागिन्यांच्या दुकानांच्या मागे एकदम शेणाचा वास येतो आणि समोर गाई दिसतात. पुढे याच्या शाखा शहराबाहेर गेल्या. चेंबूरला बसमध्ये कंडक्टर "पांजरपोळ" अशी हाक देतो, त्याचं मूळ हेच. व्यापाऱ्यांनी आपापल्या मालाच्या उलाढालीवर ठरावीक लागा स्वखुशीने बसवून घ्यायचा आणि त्यावर पांजरपोळ चालवायचा, ही गुजरातेतली जुनी रीत. जनावरांच्या म्हातारपणाचा खर्च बाजाराने वाटून घेतला, एवढा मोठा विचार त्यात होता. टीका करणारेही पुष्कळ होते. जनावर मारायचं नाही एवढंच पाहिलं जातं. ते जगतं कसं, कुजतं कसं, हे कोणी पाहत नाही, असं इंग्रज म्हणत, आणि कित्येक ठिकाणी ते खोटं नव्हतं.

इंग्रजांची वाट वेगळी. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली, सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या, बाई साकरबाईंच्या, नावाचा जनावरांचा दवाखाना झाला आणि १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पांजरपोळ जनावराला आसरा द्यायचा, परळने औषध दिलं. मानेला जूं घासून जखमा झालेले बैल आणि लंगडणारे घोडे हे त्या काळचे रोगी. घरात गादीवर झोपणारी चंपी त्यांच्या रांगेत फार उशिरा आली.

खेड्यातलं चित्र निराळं होतं. माझ्या माहेरी, सातारा जिल्ह्यात, आजोबांचा सर्जा नावाचा बैल म्हातारपणी बसला. शेतकऱ्याच्या घरात "बैल बसला" म्हटलं की चूल थंडावते. बसलेलं जनावर एकाच कुशीवर राहिलं की खालचं कातडं जातं, जखमा होतात, पोट फुगतं. म्हणून रात्रीतून दोन-तीनदा कूस बदलायची. एकाने शिंगं धरायची, एकाने शेपटीकडून जोर लावायचा, दोघांनी पाय दुमडून पोटाखालून ढकलायचं. खाली उसाचं पाचट आणि गोणपाट. आजोबा, चुलते, सालगडी आणि शेजारचा एक जण, असे चौघं कंदील घेऊन गोठ्यात जात आणि आपसात पाळ्या लावून घेत. बेंदराला त्याच सर्जाच्या शिंगांना बसल्या जागी हिंगूळ लागला आणि पुरणपोळीचा घास मिळाला. सगळीच घरं अशी नव्हती, हेही सांगायला हवं. बहुतेकांचे म्हातारे बैल बाजारात जात. तिथून पुढे कुठे जात, ते कोणी विचारत नसे. १९७६ च्या कायद्याने गाईंना आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैलांना राज्यात कत्तलीपासून संरक्षण दिलं. जनावर कसायाला जाणार नाही हे ठरलं. त्याची कूस रात्री कोण बदलणार, हे कायद्याने शेतकऱ्यावर सोडलं.

आणि जिथे कूस बदलणंही यातना होतं तिथे? १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असंच पडून होतं. शुश्रूषा झाली, डॉक्टरांनी हात टेकले. त्याला कुशीवर वळवलं तरी असह्य वेदना होत. गांधीजींनी आश्रमातल्या सहकाऱ्यांशी चर्चा केली आणि स्वतः उभं राहून डॉक्टरकरवी त्याला इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांच्या आत सगळं संपलं. अहमदाबादेत गदारोळ झाला, संतापाची पत्रं आली. गांधीजींनी लेख लिहून आपला निर्णय मांडला आणि ते त्यावर ठाम राहिले. पांजरपोळाच्या मुलखातच पांजरपोळाच्या मूळ विचाराला त्यांनी प्रश्न केला होता: जिवंत ठेवणं आणि दया करणं दरवेळी एकच असतं का? चंपी अजून शेपूट हलवते, वाटीतला दहीभात चाटूनपुसून खाते. म्हणून तो प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवलाय. तो टळणार नाही, हे मला ठाऊक आहे.

चंपीच्या सांधेदुखीच्या बाटलीवर मेलॉक्सिकॅम लिहिलंय. त्या औषधालाही इतिहास आहे. दुखणाऱ्या गुराढोरांना सर्रास डायक्लोफिनॅक दिलं जाई. अशी जनावरं मेली की गिधाडं ती खात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरत. देशातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठीचं ते औषध बंद झालं आणि गिधाडांना न बाधणारा पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आलं. मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करायच्या मलबार हिलवरच्या पारशी दख्म्यांनाही त्यांची उणीव भासली. ज्या समाजाने कुत्र्यांसाठी मुंबई बंद पाडली होती, त्यालाच म्हाताऱ्या गुरांच्या वेदनाशामकाची किंमत मोजावी लागली.

हे सगळं वाचून झाल्यावर नानांना द्यायचं उत्तर तयार झालं. फॅड हल्लीचं नाही. म्हाताऱ्या जनावरासाठी या मुलखात माणसं शेकडो वर्षं जागत आलीत. हल्लीचं आहे ते एकटेपण. राजाने त्यासाठी नोकर ठेवला, शेटजींनी भिकारी भाड्याने घेतला, बाजाराने लागा दिला, आजोबांनी पाळ्या लावल्या. आज लसी, औषधं, चांगलं खाणं यांमुळे घरोघरी कुत्री-मांजरं म्हातारपणापर्यंत पोचतात आणि त्यांची सगळी रात्र घरातल्या एकाच माणसावर येऊन पडते, बहुधा बाईवर. दिवसा दवाखाने गल्लोगल्ली आहेत, रात्री दोनला उघडा असलेला दवाखाना बहुतेक गावांत नाही.

नानांना हे जिन्यातच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझ्याकडून काय पाहिजे?" मी म्हटलं, शनिवारची रात्र. चंपी आता शनिवारी त्यांच्याकडे असते आणि लाद्यांवर त्यांनी सतरंजी घातली आहे.

वाचकांना एवढंच सांगणं. तुमच्या चाळीत, सोसायटीत, वस्तीवर कोणाकडे थकलेलं जनावर असेल, तर "एवढं कोण करतं" असं विचारू नका. आठवड्यातली एक रात्र मागून घ्या.