जास्त गुण मिळाले तर नापास

दंड भरला की प्रकरण मिटले, असे आपण समजतो. पावती खिशात घालून चालक पुढच्या चौकात पुन्हा सिग्नल तोडायला मोकळा! दंडाला स्मरणशक्ती नसते. शिवाय तीच रक्कम धनिकाला किरकोळ आणि रोजंदारीवरच्या चालकाला जड. परवान्यावरील गुणांची पद्धत या दोन्ही अडचणींवरचा उपाय आहे. तिच्या इतिहासासाठी आपण जर्मनीत जाऊ.

डेन्मार्कच्या सीमेलगत फ्लेन्सबुर्ग नावाचे बंदराचे गाव आहे. तेथील केंद्रीय मोटार वाहन कार्यालयात १९५८च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीतील चालकांच्या अपराधांची नोंद ठेवणे सुरू झाले. म्यूनिकमधला अपराध हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यालाही कळू लागला. पण नोंद म्हणजे वजन नव्हे. चार किरकोळ चुका करणारा जास्त धोकादायक, की एकदाच दारू पिऊन गाडी चालवणारा?

१९७० साली पश्चिम जर्मनीत रस्त्यांवर १९ हजारांहून अधिक माणसे मेली. १ मे १९७४ पासून प्रत्येक अपराधाला १ ते ७ गुण ठरले. १८ गुण झाले की परवाना जाई. (गुण वाढले म्हणून नापास, ही कल्पना आम्हां शिक्षकांना थोडी चमत्कारिकच वाटते!) गुण पैशाने फिटत नसल्याने श्रीमंत-गरीब एका रांगेत आले. पुढे मृत्यू घटत गेले. पण १९७२ साली गावांबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आली होती, १९७३ साली रक्तातील मद्याची मर्यादा कमी झाली होती आणि १९७६ साली पुढच्या आसनांवर पट्टा सक्तीचा झाला. त्यामुळे सारे श्रेय गुणांना देणे आम्हांला शास्त्रीय वाटत नाही.

खरा पेच विसरण्याचा होता. ठरावीक मुदतीनंतर नोंद पुसली जाई. मात्र त्याआधी नवा अपराध नोंदला गेला, तर जुनी नोंदही रेंगाळे. आपल्या खात्यात नक्की किती गुण उरले, हे चालकालाच सांगता येईना. जी शिक्षा मोजता येत नाही, तिचा धाक कसा वाटणार?

१ मे २०१४ रोजी पद्धत बदलली. आता १, २ किंवा ३ गुण मिळतात आणि ते अनुक्रमे अडीच, पाच व दहा वर्षांनी आपोआप पुसले जातात. नव्या अपराधाने जुन्याची मुदत वाढत नाही. चार गुणांना समज, सहाला इशारा, आठला परवाना रद्द. प्रदूषण-नियंत्रित भागात स्टिकरशिवाय शिरल्यास पूर्वी गुण मिळे, तो गेला. त्याने कोणाच्या जिवाला धोका नसतो. जुन्या खात्यांचे रूपांतर झाले. आदल्या दिवशी १७ गुण असलेला चालक सकाळी ७ गुणांचा झाला. त्याची परिस्थिती मात्र तीच राहिली: आणखी एक गुण, की परवाना गेला.