इंद्रियशिक्षण, शिशूंचे

डोळे, कान, नाक, जीभ व त्वचा यांच्या द्वारे होणाऱ्या वेदनांतील भेद ओळखण्यास बालकाला पद्धतशीरपणे शिकविण्याची रीत. ज्ञानेंद्रिये ही केवळ ग्राहके होत. पाहणे वा ऐकणे पूर्ण होते ते मेंदूत. डोळ्यांकडील आवेग दृक् तंत्रिकेतून मेंदूच्या मागील खंडात, कानांकडील आवेग कानशिलाजवळच्या खंडात, तर स्पर्शाचे आवेग बहुतांशी मेरुरज्जूतून वर चढून मेंदूच्या वरच्या भागात पोहोचतात. म्हणून इंद्रियशिक्षणाने डोळा तीक्ष्ण होत नाही. दिसलेल्याचा अर्थ लावण्याची शक्ती वाढते.

फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईतार याने आव्हेरॉनच्या रानात सापडलेल्या मुलाला इंद्रियांच्या वाटेने शिकविण्याचा यत्न केला. त्याचा शिष्य सेगँ याने ही रीत मंदबुद्धी मुलांसाठी विकसित केली. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील गरीब वस्तीत बालगृह काढून तीच सामान्य शिशूंसाठी वापरली. ध्वनिपेट्या, रंगपट्ट्या, खरकागदी अक्षरे ही त्यांची साधने. प्रत्येकात एकच गुण बदलता ठेवलेला असे.

भारतात गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांना ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांची साथ लाभली व १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. तथापि विलायती धर्तीची साधने महाग होती आणि पद्धत शहरी, सुस्थित घरांपुरती राहण्याचा धोका होता. १९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–९२) त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. शिंपले, खडे, बिया, पाने हीच तेथील साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. पुढे १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तेथे कुरणशाळाही भरे. शिंपल्यांत माँटेसरींच्या ठोकळ्यांची काटेकोर चढण नसते, हे खरे. परंतु रानात वाढणाऱ्या मुलाला पानांतले व आवाजांतले भेद मुळातच परिचित असतात. त्यांना शब्द व वर्गवारी देणे, एवढेच शिक्षकाला उरते.

या प्रयोगांना मेंदूविज्ञानाचा आधार उशिरा मिळाला. ह्यूबेल व व्हीझेल (नोबेल पारितोषिक १९८१) यांनी मांजरीच्या पिलांचा एक डोळा बाल्यावस्थेत झाकून ठेवला, तेव्हा डोळा निर्दोष असूनही मेंदूतील पेशी त्याला प्रतिसाद देईनाशा झाल्या. प्रौढ मांजरांत असे घडले नाही. यावरून खेळसाधनांनी बुद्धी वाढते असा निष्कर्ष काढणे अतिरेकाचे होय. मात्र तिरळेपणा किंवा जन्मजात मोतीबिंदू यांवरील उपचार लांबविल्यास दृष्टी कायमची उणी राहू शकते, आणि रंग वा आवाज जुळविण्याच्या साध्या खेळात सतत चुकणाऱ्या मुलाकडे शिक्षिकेचे लक्ष वेळीच जाऊ शकते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव आहे.