आधी पत्ता, मग माणूस

पोस्टग्रेसक्यूएल सर्व्हर सांभाळणाऱ्याची ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ या फाइलशी गाठ पडल्याशिवाय राहत नाही. कोण, कुठून, कोणत्या डेटाबेसला जोडला जाईल आणि त्याची ओळख कशी पटवायची, हे ही साधी मजकुराची फाइल ठरवते. एका ओळीत एक नियम असतो. सर्व्हर वरून खाली वाचत येतो आणि लागू पडणाऱ्या पहिल्या ओळीवर थांबतो. तिथे पासवर्ड चुकला तर विषय संपला. खालच्या ओळीत कितीही सूट दिलेली असली तरी तिच्यापर्यंत तो जातच नाही.

आजच्या ओळीत वापरकर्त्याचा स्वतंत्र रकाना असतो. २००२च्या नोव्हेंबरात ७.३ आवृत्ती आली, तोवर तो नव्हताच. नेटवर्कवरच्या जोडणीसाठी डेटाबेसचं नाव, आयपी पत्ता, त्याचा मास्क आणि पद्धत एवढंच लिहायचं. म्हणजे नियम माणसाला नव्हे, यंत्राला लावलेला असे. फाइलच्या नावातलं ‘एचबीए’ म्हणजे होस्ट-बेस्ड ऑथेंटिकेशन, ते तेव्हा शब्दशः खरं होतं.

या विचाराचं मूळ पोस्टग्रेसहून जुनं आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात पोस्टग्रेस प्रकल्प सुरू केला. त्याच विद्यापीठातून १९८३ मध्ये ४.२ बीएसडी युनिक्स बाहेर पडलं होतं. त्यात ‘होस्ट्स.इक्विव्ह’ नावाची फाइल होती. तिच्यात ज्या यंत्रांची नावं, त्यांच्यावरून येणाऱ्याला पासवर्ड विचारायचा नाही, असा रिवाज. ओळखीच्या गावचा पाहुणा म्हटल्यावर नाव-गोत्र न विचारता ओसरीवर घ्यावं, तसा हा प्रकार. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्मने याच विश्वासाचा फायदा घेतला. एका यंत्रात शिरल्यावर त्याच्यावर भरवसा ठेवणारी दुसरी यंत्रं तो हुडकून काढत असे.

यंत्राचा पत्ता पुरेना, तेव्हा त्या यंत्रालाच ‘तुझ्याकडून कोण बोलतंय?’ असं विचारायची युक्ती निघाली. ती ‘आयडेंट’. १९९३च्या आरएफसी १४१३ मध्ये तिचे नियम आहेत आणि प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवायला ही वापरू नये, अशी ताकीदही तिथेच आहे. तरी पोस्टग्रेसने ही पद्धत घेतली. पलीकडचं यंत्र परक्याच्या ताब्यात असेल तर ते खोटं बोलणार, हे उघड आहे. एकाच यंत्रावरच्या युनिक्स सॉकेटची गोष्ट मात्र वेगळी. तिथे समोर कोण आहे हे खुद्द कर्नल सांगतो. २०११ मध्ये ९.१ आवृत्तीने या प्रकाराला ‘पीअर’ असं वेगळं नाव दिलं.

पासवर्डचा प्रवास आणखी लांबचा. फेब्रुवारी २००२ मधल्या ७.२ आवृत्तीत एमडी५ पद्धत आली. पासवर्डला वापरकर्त्याचं नाव जोडून हॅश काढायचा आणि तो साठवायचा. जोडणीच्या वेळी सर्व्हर चार बाइटांचा यादृच्छिक आकडा पाठवतो. क्लायंट तो मिसळून पुन्हा हॅश काढतो आणि उत्तर देतो. पासवर्ड तारेवरून जात नाही, ही जमेची बाजू. पण साठवलेला हॅश हाती लागला की पासवर्ड माहीत नसतानाही आत शिरता येतं. चावी तिजोरीत ठेवलीच नव्हती, तिची नक्कल मात्र ठेवली होती.

हे दुखणं ‘स्क्रॅम’ने बरं केलं. हायकी लिन्नाकांगास आणि मिशेल पाकिए यांच्या कामातून ते ऑक्टोबर २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत आलं. पासवर्डवर एसएचए-२५६ची प्रक्रिया मुळातच ४०९६ वेळा होते. सर्व्हरकडे उरतं ते उत्तर तपासण्यापुरतं. चोराच्या हाती पडलं तरी त्यावर थेट लॉगिन होत नाही. शिवाय सर्व्हरलाही क्लायंटपुढे आपली ओळख पटवावी लागते. २०२१च्या चौदाव्या आवृत्तीपासून नवे पासवर्ड आपोआप स्क्रॅममध्ये साठवले जाऊ लागले आणि २०२५च्या अठराव्या आवृत्तीने एमडी५ पासवर्ड कालबाह्य ठरवले.

जुना हॅश मात्र स्क्रॅममध्ये बदलता येत नाही, कारण मूळ पासवर्ड सर्व्हरला ठाऊकच नसतो. प्रत्येकाला पासवर्ड नव्याने ठेवावा लागतो. तोवर फाइलमध्ये ‘एमडी५’ राहू दिलं तरी चालतं. ज्याचा पासवर्ड स्क्रॅममध्ये साठलेला आहे, त्याच्याशी सर्व्हर स्क्रॅमनेच बोलतो. सगळ्यांचे बदलून झाले की ओळ बदलावी.

आणि एक. ‘ट्रस्ट’, म्हणजे काहीही न विचारता आत घेणारी पद्धत, अजून जिवंत आहे. ‘इनिटडीबी’ला पद्धत सांगितली नाही, तर स्थानिक जोडण्यांसाठी ते आजही हीच लिहून ठेवतं. म्हणून सर्व्हर नवा असो वा जुना, फाइल उघडून ‘ट्रस्ट’ शोधा. नेटवर्कवरच्या एखाद्या ओळीत तो दिसला, तर उद्यावर न टाकता आजच काढा.