ई-वाचक व ग्रंथालयीन देवघेव : रायगड किनारा

संगणकीय स्वरूपातील ग्रंथ कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यावर वाचण्यासाठी बनविलेले हाताळण्याजोगे यंत्र म्हणजे ई-वाचक होय. ग्रंथ विकत घेणारा वाचक पडदा, वजन व किंमत पाहून असे यंत्र निवडतो. ग्रंथालयातून ग्रंथ वाचावयास आणणाऱ्यास मात्र आधी ग्रंथालय, मग ग्रंथाचे स्वरूप आणि शेवटी यंत्र असा क्रम लावावा लागतो. हा क्रम कसा रूढ झाला व रायगड किनाऱ्यावरील मराठी वाचकास त्याचा अर्थ काय, हे छापील व संगणकीय ग्रंथांच्या देवघेवीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

कोकणातील सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ साली स्थापन झाले. मुंबई प्रांत सरकारने १९३९ मध्ये नेमलेल्या फैजी समितीने प्रादेशिक ग्रंथालयांपासून खेड्यांतील ग्रंथालयांपर्यंत एक साखळी सुचविली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. या राज्याने ग्रंथालय-कर न बसविता लोकांनी चालविलेल्या संस्थांना अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केली. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे १९८१ मध्ये रायगड असे नामांतर झाले. या जिल्ह्यातही ग्रंथालयसेवा मुख्यतः याच पद्धतीने वाढली. अनामत व वर्गणी भरावी, ग्रंथ घरी न्यावा, मुदतीत परत करावा, हा तिचा परिचित व्यवहार. त्याचा पाया एकच : ग्रंथाची प्रत संस्थेच्या मालकीची असते. ती कोणास व किती वेळा द्यावी हे संस्था ठरविते. प्रकाशकाचा त्यात संबंध उरत नाही.

या किनाऱ्याच्या भूगोलामुळे देवघेवीस मर्यादा पडतात. धरमतर, कुंडलिका, राजपुरी व बाणकोट या खाड्यांनी किनारपट्टी तुटक झाली आहे. मुरूडकडील आगरदांडा व पलीकडचे दिघी समोरासमोर दिसतात. परंतु तर नसेल तर खाडीला मोठा वळसा घालावा लागतो. गेटवेहून मांडव्यास येणाऱ्या लहान लाँची पावसाळ्यात बंद असतात. दमट हवेत पुस्तकांना बुरशी, कसर व वाळवी लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे राज्यातील ग्रंथालये बंद झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड व अलिबाग तालुक्यांत असंख्य छपरे उडाली आणि अनेक गावांचा वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाला. ग्रंथालये उघडण्यास राज्य शासनाने परवानगी दिली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. ग्रंथालयापर्यंत न जाता ग्रंथ मिळावा ही गरज किती खरी आहे, हे या काही महिन्यांत प्रकर्षाने जाणवले.

ही गरज भागवू शकणारे यंत्र तोवर बाजारात रुळले होते. त्याच्या पडद्यातील सूक्ष्मकोशांत परस्परविरुद्ध विद्युत् भाराचे काळे व पांढरे कण असतात. विद्युत् क्षेत्रानुसार ते वर येतात किंवा खाली जातात. उमटलेले पान टिकविण्यास वीज लागत नाही, ती मुख्यतः पान बदलताना लागते. म्हणून एकदा भारित केलेले यंत्र अनेक दिवस चालते. हे तंत्र विकसित करणारी ई इंक ही कंपनी १९९७ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. सोनीचा लिब्रिए २००४ मध्ये जपानात आणि ॲमेझॉनचा किंडल २००७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला.

देवघेवीचा पाया मात्र येथे बदलला. ई-ग्रंथ ग्रंथालयाच्या मालकीचा होत नाही. बहुधा त्याला वापराचा परवाना मिळतो. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक, ही सर्वसाधारण अट असते. मुदत संपताच ग्रंथ आपोआप मिटतो, त्यामुळे दंड भरावा लागत नाही. परंतु हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये, २६ वेळा देवघेव झाल्यावर परवाना संपेल, अशी अट घातली. न झिजणारा ग्रंथ करारामुळे झिजू लागला. या परवान्यांच्या रक्षणासाठी घातलेले संगणकीय कुलूप सर्वच यंत्रांवर उघडत नाही. ओव्हरड्राइव्ह या वितरणसंस्थेमार्फत किंडलवर ग्रंथालयीन ग्रंथ देण्याची सोय २०११ मध्ये सुरू झाली, पण ती अमेरिकेतील ग्रंथालयांपुरतीच. कोबोच्या यंत्रांत २०१६ पासून ओव्हरड्राइव्हची सोय अंतर्भूत झाली. तरीही सभासद ज्या ग्रंथालयाचा, त्याने ती सेवा घेतलेली असावी लागते.

मराठी वाचकापुढे लिपीचा प्रश्नही होता. देवनागरीतील जोडाक्षरे व वेलांट्या बिनचूक जुळविणे आरंभीच्या यंत्रांना साधत नसे. किंडलवर मराठी ग्रंथांची विक्री २०१६ मध्ये सुरू झाली. तो व्यवहार खरेदीचा होता, ग्रंथालयीन देवघेवीचा नव्हे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध केली. ती पीडीएफ स्वरूपात आहेत. जुन्या ग्रंथांच्या प्रती तर बहुधा पानांची छायाचित्रेच असतात. ईपब स्वरूपातील मजकूर पडद्याच्या मापानुसार नव्याने जुळतो. पीडीएफमधील पान सहसा ठरलेल्या आकाराचेच राहते व सहा इंची पडद्यावर अक्षर बारीक दिसते. २०१८ मध्ये राष्ट्रास अर्पण झालेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय अनेक संस्थांच्या साठ्यांकडे वाट दाखविते, परंतु त्यासाठी महाजालाची जोडणी लागते. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने, बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास आपल्याकडील छापील ग्रंथाची संगणकीय प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभा दिली. जतनाच्या या मुभेत घरपोच देवघेवीचा समावेश नाही.

यावरून निवडीची दिशा ठरते. मुख्यतः पीडीएफ व छायाचित्रित मराठी ग्रंथ वाचणाऱ्यास मोठ्या पडद्याचे यंत्र सोयीचे. ब्रिटिश कौन्सिलसारख्या संस्थेची सशुल्क सेवा घेणाऱ्याने तिचा उपयोजक कशावर चालतो हे आधी विचारावे. अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा ई-शाई वाचक किंवा साधा टॅबलेट तेथे उपयोगी पडण्याचा संभव अधिक. मात्र टॅबलेट वारंवार भारित करावा लागतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटून स्वामित्वहक्क संपलेल्या ग्रंथांची विनाकुलूप ईपब प्रत मिळाल्यास, देवनागरी नीट दाखविणारे बहुतेक आधुनिक यंत्र पुरते. अलीकडच्या मराठी कथा-कादंबऱ्या वर्गणीवर घरी नेण्याचा मुख्य मार्ग मात्र अजूनही गावच्या ग्रंथालयातील छापील प्रत हाच आहे. यंत्र घेतल्याने त्या ग्रंथालयाची वर्गणी अनावश्यक ठरत नाही. मराठी ग्रंथांचे परवाने प्रकाशकांकडून सामुदायिकपणे मिळविले गेले, तरच खाडीपलीकडच्या वाचकास ई-वाचकाचा खरा लाभ होईल.