बस्त्यातला उतारा आणि आपली जमीन

बँकेत लागलो तेव्हा माझी पहिली नेमणूक ग्रामीण शाखेत होती. पीककर्जाला सातबारा आणि आठ-अ लागे. शेतकरी तलाठ्याकडे हेलपाटे घालून हाताने लिहिलेला उतारा आणायचा. कर्ज दिलं की ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा चढलाय का, ते मी बघायचो. कुठे खाडाखोड असे. कुठे वडील जाऊन दहा वर्षं झाली तरी वारसनोंद नसे. मी ऐटीत सांगायचो, “आधी नोंद करा, मग या.”

या नोंदींना मोठा इतिहास आहे. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमीनमोजणीची जी पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं गावची मालकी तलाठ्याच्या कापडी बस्त्यात राहिली. मग संगणक आला. १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपये भरा, घरबसल्या उतारा घ्या. तलाठ्याच्या सहीची गरज नाही. शहरातली मिळकत पत्रिकाही आता तशीच मिळते.

गेल्या वर्षी नातवाने आपल्या सोसायटीची पत्रिका मोबाईलवर काढून दिली. बघतो तर काय, धारकाच्या जागी अजून मूळ जमीनमालकाचंच नाव! फ्लॅट आपले, पण खालची जमीन कागदावर आपली नाही. करारात वेगळी मुदत नसेल, तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण करून द्यायला हवं. आपल्याला पंचवीस वर्षांत ते मिळालं नाही. मी स्वतः सहा वर्षं खजिनदार होतो, मलाही सुचलं नाही. शेतकऱ्यांना शिकवणारा मी, माझ्याच दारातली नोंद बघायला विसरलो.

संगणक उतारा झटकन देतो, पण जी नोंद झालीच नाही ती कुठून दाखवणार?

मोफा कायद्यातल्या २००८ च्या दुरुस्तीमुळे बिल्डर आला नाही तरी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. त्यासाठी सदनिकांचे करार आणि इंडेक्स टू असे कागद लागतात. काही घरांचे अजून यायचे आहेत. काही मूळ सभासद आज आपल्यात नाहीत. त्यांच्या मुलांनी वारसाचे कागदही द्यावेत.

तेव्हा मंडळी, यंदा दिवाळीची आवराआवर करताना कपाटातली ती जुनी फाईल तेवढी शोधा. समितीचं काम सोपं होईल, आणि पत्रिकेवर संस्थेचं नाव बघायला मीही असेन, अशी आशा आहे.