एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेजची दोन दारे

कडक उन्हात हरितलवकाने शोषलेली सगळी ऊर्जा कार्बन स्थिरीकरणात खपत नाही. काही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे वळतात, सुपरऑक्साइड तयार होते आणि त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड. हे पेरॉक्साइड मोडणारे कॅटॅलेज हे विकर मुख्यतः पेरॉक्सिसोममध्ये असते. त्यामुळे हरितलवकाची बरीचशी भिस्त एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेजवर राहते.

वाटाण्याच्या पेशीद्रवातील या विकराची स्फटिकरचना पॅटरसन आणि पूलोस यांनी १९९५ साली प्रसिद्ध केली. सुमारे २५० अमिनो आम्लांची, बहुतांशी सर्पिल वळणांची एक साखळी. अशा दोन साखळ्यांची जोडी आणि प्रत्येकीत एक हीम, म्हणजे मधोमध लोह असलेले कडे. हीममधील लोहाला एका बाजूने १६३वे हिस्टिडिन धरून असते. दुसऱ्या बाजूला ३८वे आर्जिनिन, ४१वे ट्रिप्टोफॅन व ४२वे हिस्टिडिन यांच्यामधल्या अरुंद पोकळीत पेरॉक्साइड शिरते. त्याचा ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटतो, एक ऑक्सिजन लोहावर राहतो आणि दुसरा पाणी होऊन निघून जातो. आता लोह आणि हीमचे कडे यांच्यात मिळून दोन इलेक्ट्रॉनांची तूट पडलेली असते. बंध तुटेपर्यंत यीस्टच्या सायटोक्रोम सी पेरॉक्सिडेज या सारख्याच विकरातही हेच घडते; तिथे मात्र तूट लोह आणि एक ट्रिप्टोफॅन यांच्यात पडते.

ही तूट एस्कॉर्बेट, म्हणजे आपले क जीवनसत्त्व, भरून काढते. एकामागून एक येणारे दोन रेणू प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन देतात. एस्कॉर्बेटचा बाण सरळ लोहाकडे दाखवणारी आकृती मात्र फसवी ठरते. सोयाबीनच्या विकराला एस्कॉर्बेट बांधलेल्या अवस्थेतील रचना २००३ साली मिळाली. तीत एस्कॉर्बेट लोहापासून दूर, हीमच्या काठाशी बसलेले दिसते. १७२वे आर्जिनिन, ३०वे लायसिन आणि हीमची प्रोपिओनेट शाखा हायड्रोजन बंधांनी त्याला तिथे धरतात. इलेक्ट्रॉन बहुधा त्या शाखेवरूनच आत जातो. १७२वे आर्जिनिन बदलून पाहिलेल्या प्रयोगांतही हेच दिसते: एस्कॉर्बेटवरची क्रिया जवळजवळ थांबते, पण ग्वायाकॉलसारख्या सुगंधी संयुगांवरची चालू राहते, कारण त्यांची जागा वेगळी आहे. माझ्या मते या रचनेतले खरे वैशिष्ट्य लोहात नसून या काठावरच्या जागेत आहे.

म्हणजे विकराला दोन दारे आहेत: लोहाजवळची पोकळी पेरॉक्साइडसाठी आणि काठावरची जागा एस्कॉर्बेटसाठी. दुसरे दार रिकामे राहिले तर पहिल्यातून येणारे पेरॉक्साइड विकरालाच इजा करते. हरितलवकातील रूप काही सेकंदांत निकामी होऊ लागते, पेशीद्रवातील त्याहून बराच वेळ तग धरते. प्रयोगशाळेत पानांचा अर्क काढणाऱ्यांनी म्हणूनच द्रावणात सुरुवातीपासून एस्कॉर्बेट घालावे. नाहीतर हरितलवकातील विकर मोजणीपूर्वीच संपलेले असते.